तोंडपाठ २४३-यू आणि न सापडलेला प्रभाग

आमच्या अभ्यासिकेतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून नगरपालिका-महापालिकांची ७४वी घटनादुरुस्ती विचारा. १९९२ ची, १ जून १९९३ पासून लागू, बारावी अनुसूची, अठरा विषय, असं धाडधाड सांगेल. महापालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, हे कुठल्या कलमात आहे? २४३-यू. एक हात वर होणार नाही, दहा होतील. मग विचारा, तू राहतोस ती खोली कोणत्या प्रभागात येते? पंखा फिरण्याचा आवाज ऐकू येतो.

अभ्यासिका म्हणजे नागपुरात मानेवाडा रस्त्याच्या आतल्या बाजूला एका मंडळाच्या समाजभवनाचा वरचा मजला. नंबर टाकलेल्या खुर्च्या, मागे डबे ठेवायचा कट्टा, भिंतीवर जुन्या प्रश्नपत्रिका. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक, जे मिळेल त्याची तयारी करणारी मुलं-मुली. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, यवतमाळ आणि थोडी नागपूरचीच. मी एका फर्ममध्ये हिशेब लिहिते. कधीकाळी मीही इथेच खुर्ची अडवून बसायचे, म्हणून आता संध्याकाळी किल्ली माझ्याकडे. सगळे ताई म्हणतात, वयाने माझ्याहून मोठे असलेले दोघेसुद्धा.

हे सगळं सुरू झालं ते एका साध्या प्रश्नावरून. चालू घडामोडींवर बोलणं चाललं होतं, आणि भंडाऱ्याकडचा एक पोट्टा म्हणाला, "ताई, आपला नगरसेवक कोण आहे?" मी म्हटलं, कोणीच नाही. त्याला वाटलं मी चिडले. पण खरंच कोणी नव्हतं. नागपूर महापालिकेची निवडणूक झाली होती फेब्रुवारी २०१७ मध्ये. ती मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक. राज्यातल्या बाकी महापालिकांचंही कमीअधिक तेच. कारणं होती, ओबीसी आरक्षणाचा वाद होता, न्यायालयात प्रकरणं होती, ते सगळं त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं सांगता येत होतं. पण २००० साली किंवा नंतर जन्मलेल्या कोणीही या शहराच्या नगरसेवकासाठी तोवर मत दिलेलं नव्हतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळा वर्ग त्याच वयाचा. २४३-यू घोकणारे आणि २४३-यू ज्यांच्या वाट्याला आलंच नाही ते, एकाच खुर्चीत बसलेले.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि आम्ही ठरवलं की अभ्यासिकेतल्या प्रत्येकाचं नाव मतदार यादीत आहे का ते आधी बघायचं. रांगोळी, प्रभातफेरी, सेल्फी पॉइंट काही नाही. मला त्या गोष्टींचा राग नाही. २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ मीही घेतलेली आहे. फक्त शपथ घेणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुझा यादी भाग क्रमांक कोणता.

पहिल्याच संध्याकाळी तीन ढीग पडले. ज्यांचं नाव कुठेच नाही ते, ज्यांचं नाव गावी आहे ते, आणि ज्यांना माहीतच नाही ते. तिसऱ्या ढिगातली बरीच मुलं मोबाइलवर शोधल्यावर दुसऱ्यात गेली. कोणीतरी बारावीत असताना कॉलेजात फॉर्म भरून घेतला होता आणि कार्ड घरी कपाटात पडलं होतं.

खरी भानगड दुसऱ्या ढिगात होती. मला वाटलं होतं, गावचं नाव नागपूरला आणायचं म्हणजे नमुना ८ भरायचा, स्थलांतराच्या रकान्यावर खूण करायची, संपलं. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी, हे समजावण्यात मी बराच घसा कोरडा केला, कारण नाव दुसरीकडे असताना नमुना ६ भरून "माझं नाव कुठेही नाही" असं लिहून देणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापन, आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलांनी कलम लगेच वहीत उतरवलं. सवय.

मग फोन सुरू झाले. घरच्यांना विचारायला. गोंदियाकडच्या एका मुलाने फोन स्पीकरवर टाकला. वडील शांतपणे ऐकून घेत होते आणि मग म्हणाले, "बाबू, मागच्या टायमाला आपला मेंबर किती मतानं पडला माहीत हाये ना तुले? चार. अन् तू तिकडं नाव घेऊन जातो म्हणतेस. मी काय तोंड दाखवू मंग?"

वर्गात हशा पिकला, पण त्या माणसाचं म्हणणं चोख होतं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीवरून होते. नाव इकडे आलं की तिकडच्या वॉर्डातलं मत गेलं. आणि तिथे शंभर-दोनशे मतांचा वॉर्ड. एका घरातली चार-पाच मतं म्हणजे उमेदवार दारात येऊन बसतो. गावात या मुलाला किंमत आहे. नागपुरात तो बारा बाय दहाच्या खोलीतला किरायेदार. तरुणांना राजकारणात रस नाही, हे जे सारखं ऐकू येतं, ते मला त्या फोननंतर फार पटेनासं झालं. रस आहे, तो गावाच्या बसस्टँडवर उतरवून ठेवलेला आहे. बऱ्याच जणांनी नाव गावीच ठेवायचं ठरवलं आणि मी त्यांना अडवलं नाही. दोन ठिकाणी ठेवता येत नाही, एवढंच बजावलं. कुठे राहतोस आणि कुठल्या निर्णयांनी तुझा दिवस बिघडतो, ते तू ठरव म्हटलं.

ज्यांना नागपुरात नाव हवं होतं त्यांच्यापुढे दुसरा डोंगर, पत्त्याचा पुरावा. कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणाऱ्यांना सोपं आहे. शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा हॉस्टेलचा पत्ता यांतला एक निवडता येतो आणि प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र चालतं. पण तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान वर्षभराचा पाहिजे. आमच्या खुर्च्यांवरची निम्मी मुलं पदवी संपवून बसलेली. ती ना धड विद्यार्थी, ना नोकरदार. सरकारी परीक्षेची तयारी करतो, हा काही कुठल्याही नमुन्यातला रकाना नाही.

राहिला भाडेकरार. नोंदणीकृत पाहिजे. खोली किरायाने देणाऱ्या काकू नोंदणी कशाला करतात? त्यांच्याकडे शंभर पानी वही असते, त्यात दर महिन्याला "मिळाले" लिहून सही.

एका मुलीबरोबर मी अशाच एका काकूंकडे गेले. गडचिरोली जिल्ह्यातली मुलगी, नर्सिंगचा डिप्लोमा झालेला, भरतीची तयारी. काकूंनी आधी चहा ठेवला, मग कारण विचारलं, आणि कारण ऐकल्यावर गॅस बारीक केला.

"म्हणजे माह्या घराच्या पत्त्यावर हिचं नाव चढन?"

"हो काकू. मतदार यादीत."

"अन् उद्या म्हणन का खोली माही हाय?"

मी म्हटलं, तसं होत नाही, यादीत नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. काकूंना पटलं नाही. त्यांच्या जाऊबाईच्या घरात किरायेदाराने काय केलं होतं, ती सगळी कथा झाली. मुलगी गप्प बसून होती. मग ती एकदम म्हणाली, "काकू, टाकीत पाणी नाही आलं का तुम्ही मलेच सांगता ना, फोन लाव म्हणून? मंग मी फोन लावला का ते पहिले विचारते, तुमचा प्रभाग कोणता, अन् तुम्ही इथल्या रहिवासी का. मी काय सांगू?"

काकू थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग आतून विजेचं बिल आणलं. त्याच्या झेरॉक्सवर आम्ही एक साधं पत्र लिहून घेतलं, की ही मुलगी अमुक महिन्यापासून इथे राहते. बिल अर्जदाराच्या किंवा आईवडिलांच्या नावावर नाही, त्यामुळे ते ठरलेल्या पुराव्यांच्या यादीत बसत नाही. पण यादीतलं काहीच नसेल तर दुसरा पुरावा जोडता येतो आणि मग प्रत्यक्ष घरी येऊन पडताळणी होते. ही वाट नमुन्यातच छापलेली आहे. फक्त कोणी तिथपर्यंत वाचत नाही.

पडताळणीला येतात त्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. आमच्या भागात एक अंगणवाडीच्या बाई होत्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत यादीची जाडजूड प्रत, हातात आयोगाचं ॲप असलेला मोबाइल, आणि पायाला त्या उन्हातही मोजे. त्या दुपारी फिरायच्या आणि दुपारी आमची मुलं खोलीवर नसायची, अभ्यासिकेत असायची. खोलीला कुलूप म्हणजे "आढळून आले नाही" असा शेरा. त्यांना मी गाठलं आणि विचारलं, संध्याकाळी जमेल का. त्या म्हणाल्या, "ताई, संध्याकाळी माझ्या घरची भाजी कोण टाकन?" रास्त प्रश्न. शेवटी असं ठरलं, की त्या एका गल्लीत येणार त्या दिवशी सकाळी मला फोन करणार आणि त्या गल्लीतली मुलं खोलीवर थांबणार. मतदार यादी कशी बनते, हे आमच्या पोरांनी त्या बाईंच्या मागे मागे गल्ल्या फिरून जितकं शिकलं तितकं कुठल्याही पुस्तकातून शिकली नसती. गेलेल्या माणसाचं नाव काढायला नमुना ७ घरच्यांकडून भरून घेताना बाई कशा हळू बोलतात, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव घालायला सासू का टाळते, हेही त्यात आलं.

ऑनलाइन भरणाऱ्यांची वेगळी गंमत. इंग्रजीत नाव टाकलं की शेजारच्या रकान्यात मराठी आपोआप उमटतं. ढोक टाकला तर धोक. ठाकरे टाकलं तर थाकरे. एका मुलीचं आडनाव ठेंगणे, ती थेंगने झाली. घाईत सादर केलं की तेच यादीत, तेच कार्डावर, आणि मग दुरुस्तीसाठी पुन्हा नमुना ८. आम्ही नियमच केला: सादर करण्याआधी शेजारच्या खुर्चीवरच्याने मराठी रकाना मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचताना लोक हसून हसून खाली पडायचे, पण चुका सापडायच्या. फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी, म्हणून समाजभवनाच्या जिन्यातल्या एका चुन्याच्या भिंतीपुढे सगळ्यांचे फोटो निघाले.

अर्ज आल्यावर त्यांची यादी लावली जाते, आक्षेपांसाठी सात दिवस असतात, मग नोंदणी अधिकारी ठरवतो. नावं येऊ लागली. ओळखपत्रावरचा तीन अक्षरं आणि सात आकड्यांचा नंबर मुलं परीक्षेच्या हजेरी क्रमांकासारखी पाठ करून बसली.

आणि मग तारीख आली. राज्य निवडणूक आयोगाने जाहीर केलं की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली जाईल. ज्यांची नावं त्यानंतर चढली ते विधानसभेचे, लोकसभेचे मतदार झाले, पण येत्या महापालिकेचे नाहीत. आमच्यातले बरेचजण त्या रेषेच्या पलीकडे पडले. ती नर्सिंगवाली मुलगीसुद्धा.

त्या संध्याकाळी मी कधी ऐकली नव्हती एवढी मोठी चर्चा झाली. नवीन मतदारासाठी आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे ज्या दिवशी वय अठरा पूर्ण असावं लागतं त्या: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख. २०२१ च्या दुरुस्तीने हे आलं, २०२२ पासून लागू झालं, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही देता येतो. हे सगळं भारत निवडणूक आयोगाचं, कलम ३२४. महापालिका घेतो राज्य निवडणूक आयोग, कलम २४३-के आणि २४३-झेडए. तो स्वतःची यादी बनवत नाही. विधानसभेची तयार यादी एका तारखेला गोठवतो आणि प्रभागांमध्ये वाटतो. म्हणजे नवीन नाव घालणं त्याच्या हातातच नाही. दोन आयोग वेगळे आहेत, या एका गुणाच्या प्रश्नाचं उत्तर इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी बरोबर लिहिलेलं आहे. ते वेगळे असल्याने आपलं मत जातं, हे त्या दिवशी कळलं. एक पोट्टा म्हणाला, "ताई, हे पुस्तकात लिहायले पाह्यजे होतं ना बे." बे म्हणून गेला आणि जीभ चावली.

नोव्हेंबरमध्ये प्रभागनिहाय प्रारूप याद्या लागल्या. तेव्हा उरलेल्यांनी आपापली नावं शोधायला घेतली. नागपुरात ३८ प्रभाग, ३७ प्रभागांत चार-चार नगरसेवक आणि ३८व्यात तीन, मिळून १५१. प्रभागाची हद्द नकाशावर रस्त्याने, नाल्याने जाते. आमची अभ्यासिका एका प्रभागात आणि समोरच्या ओळीतल्या खोल्या दुसऱ्यात निघाल्या. यादी म्हणजे शेकडो पानं. शोधायचं तर भाग क्रमांक माहीत हवा, नाहीतर घर क्रमांकाच्या रांगेने बोट फिरवत जायचं. मुलांनी पानं वाटून घेतली. एकाच्या घरातले आईवडील एका प्रभागात आणि तो शेजारच्या, असं सापडलं. अशी चूक असेल तर हरकत घेता येते, मुदतीत. त्याने घेतली. झोनच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. पोच घ्यायची हे त्याला सांगावं लागलं. आवक क्रमांक पडलेला कागद त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला होता आणि तो त्याने लॅमिनेट करायचं म्हटलं, तेव्हा मात्र मी हात जोडले.

एकाच्या नावापुढे दोन फुल्या होत्या. दुबार नावाची शक्यता असली की आयोगाने तशी खूण केली होती. त्याच्या नावाचा दुसरा कोणी शहरात होता, एवढंच. तरी तो आठवडाभर घाबरलेला.

हुडकेश्वरकडून येणाऱ्या एका मुलीने सगळ्यांना गप्प केलं. तो भाग २०१३ मध्ये महापालिकेत आला. तिचा कचरा नागपूर उचलतं, कर नागपूर घेतं. पण तिचा आमदार कामठीचा आणि खासदार रामटेकचा. "मी नेमकी कुठची?" तिने विचारलं. मागून कोणीतरी "पाकिटावर काय पत्ता येते तिथची" म्हणालं आणि विषय तिथेच संपला, पण त्यानंतर बऱ्याच जणांनी पहिल्यांदा नकाशा उघडून आपली विधानसभा बघितली. दक्षिण, दक्षिण-पश्चिम, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर. शहराच्या सहा विधानसभांची नावं सलग सांगताना चांगले चांगले अडखळले.

डिसेंबरात अधिवेशन आलं. अधिवेशनात नागपूर म्हणजे बॅरिकेड, मोर्चे आणि पाहुण्यांच्या गाड्या. १९५३ च्या नागपूर कराराने आपल्याला मिळालेला वार्षिक सण. त्या वर्षी ते आटोपलं आणि लगेच १५ डिसेंबरला महापालिकेचा कार्यक्रम जाहीर झाला, आचारसंहिता लागली. मतदान १५ जानेवारी २०२६, मोजणी १६ ला.

त्याच्या आधीच, हवा तापायला लागली तेव्हा, समाजभवनाच्या जिन्यात एक गृहस्थ आले होते. भावी. बरोबर चारजण. अभ्यासिका बघितली, "पोरं किती मेहनत करून राह्यले" म्हणाले, आणि एसी बसवून देतो म्हणाले. मंडळाचे अध्यक्ष भाऊ खूश. नागपूरचा मे महिना ज्याने अभ्यासिकेच्या पत्र्याखाली काढला आहे त्याला एसीचा मोह किती, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मुलांमध्ये उभे दोन तट पडले. एक म्हणे, देतो तर घ्या, मत कोणाला द्यायचं ते आपल्या हातात आहे. दुसरा म्हणे, मग उद्या खुर्ची कोणाला द्यायची हे त्यांच्या हातात जाईल. मी मुद्दाम काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही एसी हवा होता. बरीच घासाघीस होऊन मुलांनी मधली वाट काढली. भाऊंच्या मार्फत निरोप गेला: एसी नको, तुम्ही एक संध्याकाळ या, खाली बसा आणि आमच्या प्रश्नांना उत्तरं द्या. बाकी इच्छुकांनाही तेच सांगितलं.

एसीवाले आले नाहीत. दुसरे दोघे आले, वेगवेगळ्या दिवशी. एकाने अर्धा तास आपल्या पक्षाबद्दल सांगितलं. दुसऱ्या बाई होत्या. १५१ पैकी ७६ जागा महिलांच्या, त्यांतल्या एका जागेसाठी इच्छुक. त्यांना एका मुलाने विचारलं, नगरसेवक झाल्यावर रात्री नऊला अभ्यासिका सुटते तेव्हा गल्लीत दिवे राहतील याची हमी देता का? बाई म्हणाल्या, "हमी नाही देत. दिवे लावणं अधिकाऱ्यांचं काम आहे. माझं काम सभागृहात विचारणं, बजेटमध्ये हेड आहे का ते बघणं, अन् त्यांच्या मागे लागणं. तुम्ही मला खांबाचा नंबर द्याल का?" खांबांना नंबर असतात, हे आमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? मी तरी दुसऱ्या दिवशी मान वर करून बघितला.

अर्ज भरून झाल्यावर उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर ही माहिती देणं सुरू झालं, हे मुलांना पाठ. एकही शपथपत्र कोणी उघडून बघितलेलं नव्हतं. आम्ही आमच्या प्रभागातली काही मोठ्याने वाचली. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. गुन्ह्यांच्या रकान्यात आंदोलनाचे गुन्हे आणि मारामारीचे गुन्हे वेगळे कसे ओळखायचे, यावर कायद्याच्या एका विद्यार्थ्याने कलमं लावून दाखवली. त्या संध्याकाळी अभ्यासिकेत घोकंपट्टीचा आवाज नव्हता.

चार मतं कशी द्यायची, हेही करून बघावं लागलं. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीसाठी वेगळं बटण. कोणी पसंत नसेल तर त्या जागेपुरतं 'नोटा'चं, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही'चं बटण, पण चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. आम्ही पुठ्ठ्यावर चार रंगांचे कागद चिकटवून यंत्र केलं. पहिल्या फेरीत निम्मी मुलं एक बटण दाबून निघून गेली. खाली राहणाऱ्या आजीबाई उत्सुकतेने वर आल्या आणि त्यांनी मात्र चारही बटणं न चुकता दाबली.

मतदान आलं संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. नागपुरात तेव्हा आकाश पतंगांचं असतं आणि रस्ते मांज्याचे. गळ्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय दुचाकी काढायची नाही. ज्यांची नावं यादीत होती ते सकाळीच जाऊन आले. शाई बाटलीतली नव्हती, मार्करने रेघ ओढली होती, त्यामुळे बोटाचा फोटो हवा तसा आला नाही म्हणून एक पोट्टी हिरमुसली. ज्यांची नावं रेषेपलीकडे गेली होती त्यांनी केंद्रापासून ठरलेलं अंतर सोडून टेबल टाकलं आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मोबाइलवर भाग क्रमांक, खोली क्रमांक शोधून दिले. सगळ्यात जास्त मागणी त्यांनाच होती. किरायावाल्या काकू आल्या, त्यांचं केंद्र बदललं होतं, ते त्या गडचिरोलीच्या मुलीनेच शोधून दिलं.

आता चार नगरसेवक आहेत. चौघांचे नंबर फळ्यावर लिहिलेले आहेत आणि खाली दिव्यांच्या खांबांचे नंबर. सध्या वाद चालला आहे तो माहितीच्या अधिकाराच्या अर्जावर. आमच्या प्रभागात गेल्या दोन आर्थिक वर्षांत पथदिव्यांची कोणती कामं मंजूर झाली, किती रकमेची, कोणती पूर्ण झाली, एवढं विचारायचं आहे. एकाला त्यात कचऱ्याचाही मुद्दा घुसवायचा आहे, पण महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. निबंधाचे शब्द मोजून मोजून हात बसलेली ही पोरं, तरी पहिला मसुदा दोनशेच्या वर गेला. त्यात त्यांनी कलम १९(१)(क) पासून, म्हणजे थेट अभिव्यक्तिस्वातंत्र्यापासून, सुरुवात केली होती. ते मी खोडलं. अर्जाला कारण द्यावं लागत नाही.

सही कोणाची, हे मात्र लगेच ठरलं. या कायद्याला मतदार यादी लागत नाही, नागरिक असलं की पुरे. नर्सिंगवाल्या पोरीने जोडपत्र 'अ'वर नाव लिहिलं आणि पत्त्यात काकूंच्या घराचा नंबर टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तेवढा आणायचा राहिला आहे.